‘तोंडाला चव नाही’: उतारवयात चव परत आणण्यासाठी मिळणाऱ्या वस्तूंची पारख

घरातल्या वयस्कर माणसाने ‘तोंडाला चवच नाही’ म्हटलं की पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे जाते, नाहीतर मोबाइलवर शोध सुरू होतो. झिंकच्या गोळ्या, कोरड्या तोंडासाठी जेल आणि स्प्रे, जीभ साफ करायच्या पट्ट्या, कमी सोडियमचं मीठ, वास घेण्याच्या सरावाच्या बाटल्या, आणि आता तर जिभेवर मंद विद्युतप्रवाह सोडणारा चमचासुद्धा मिळतो. यातली कुठली वस्तू कुणाच्या कामाची, ती कशी वापरायची आणि कुठे चुकतं, ते पाहू. एखाद्या ब्रँडची शिफारस इथे नाही, कारण वस्तूचा प्रकार नीट निवडला की ब्रँडने फारसा फरक पडत नाही.

चव चार ठिकाणी अडते: जिभेवर, लाळेत, नाकात, किंवा चालू असलेल्या औषधांमुळे. विकत मिळणारी प्रत्येक वस्तू यातल्या एखाद्याच ठिकाणी काम करते. नाक अडलेल्याला लाळेचं जेल देऊन काही होत नाही, आणि कोरड्या तोंडाच्या माणसाने वासाच्या बाटल्या कितीही हुंगल्या तरी त्याचा घास कोरडाच राहतो. खरेदी फसते ती बहुतेक वेळा वस्तू वाईट असते म्हणून नव्हे, तर चुकीच्या ठिकाणासाठी घेतलेली असते म्हणून.

म्हणून सुरुवात घरच्या चाचणीने करावी. फळाच्या स्वादाची मऊ जेलीची गोळी घ्या. मधुमेह असेल तर बिनसाखरेची. डोळे मिटायचे, नाकपुड्या चिमटीत घट्ट धरायच्या आणि गोळी पाच-सहा वेळा चावायची. नाक बंद असताना फक्त गोड आणि आंबट कळतं. संत्रं की स्ट्रॉबेरी हे कळत नाही, कारण तो भाग घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. आता गोळी तोंडात असतानाच नाक सोडायचं. फळ एकदम ओळखू आलं तर नाक शाबूत आहे. गोड-आंबट कळतं पण नाक सोडूनही काहीच बदललं नाही, तर बिघाड नाकाच्या बाजूला आहे. गोड-आंबटही लागत नसेल तर जीभ, लाळ आणि औषधं तपासायची. गिळताना ठसका लागणाऱ्यांना गोळी देऊ नये. त्यांच्यासाठी फळाच्या घट्ट गराचा अर्धा चमचा पुरतो.

उतारवयात या चाचणीचा निकाल फार वेळा नाकाकडेच बोट दाखवतो. रिचर्ड डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५ ते ८० वयोगटातल्या निम्म्याहून अधिक लोकांची, आणि ८० च्या पुढच्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांची वास ओळखण्याची क्षमता बरीच उतरलेली आढळली होती. त्या मानाने जीभ चिवट आहे. रुचिकलिकांमधल्या (जिभेवरच्या चव टिपणाऱ्या बारीक कळ्यांमधल्या) पेशी साधारण दहा दिवसांनी बदलत राहतात, आणि चवीची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसाही एकाहून अधिक आहेत. त्यामुळे गोड, खारट, आंबट, कडू हे सगळंच एकदम गेलं, असं फक्त वयामुळे सहसा होत नाही. तसं झालं असेल तर दुसरं कारण शोधायलाच हवं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे असतात त्या चवीच्या पट्ट्या म्हणजे रसायनात भिजवून वाळवलेल्या गाळणकागदाच्या पट्ट्या. गोडासाठी साखर, आंबटासाठी सायट्रिक आम्ल, खारटासाठी मीठ, कडूसाठी क्विनाइन. प्रत्येक चवीच्या चार तीव्रता, म्हणजे एकूण १६. त्यात कोऱ्या पट्ट्याही मिसळलेल्या असतात, म्हणजे अंदाजपंचे उत्तर देणारा कळतो. सौम्य पट्टीपासून तीव्रतेकडे जायचं आणि दर पट्टीनंतर चूळ भरायची. १६ पैकी ९ हून कमी ओळखता आल्या तर चव उणावली असं मानतात. साधन साधं आणि भरवशाचं आहे, पण घरासाठी विकत घ्यायची गरज नाही. घरी १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि दुसऱ्या १०० मिलीत ४ ग्रॅम मीठ विरघळवा, आणि कापसाच्या काडीने जिभेच्या उजव्या व डाव्या कडेला वेगवेगळं लावून पाहा. जीभ बाहेरच ठेवायची आणि उत्तर बोटाने दाखवायचं. जीभ आत घेतली की पाणी दोन्हीकडे पसरतं. एका बाजूला चव कळते आणि दुसरीकडे नाही, असं दिसलं तर नसेचा प्रश्न असू शकतो. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी नस मधल्या कानातून जाते, त्यामुळे कानाच्या शस्त्रक्रियेनंतर असं होतं. चव एकाएकी गेली आणि सोबत चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं किंवा हातातलं बळ गेलं, तर चाचणी-बिचणी सोडून थेट रुग्णालय गाठायचं.

दुसरं काम म्हणजे औषधांची यादी काढणं. त्यात काही विकत घ्यावं लागत नाही, पण फायदा मोठा होतो. रक्तदाबासाठीचं कॅप्टोप्रिल चव बदलतं. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल घेणाऱ्यांना तोंडात धातूची चव राहते. झोपेसाठीच्या झोपिक्लोनने सकाळी तोंड कडू होतं. बुरशीवरच्या टर्बिनाफिनने चव पूर्ण जाऊही शकते आणि गोळी बंद केल्यावर ती परत यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. अमिट्रिप्टिलिन, ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या धाटणीच्या गोळ्या लाळच आटवतात. यादीत प्रत्येक गोळीपुढे ती सुरू झाल्याचा महिना लिहा आणि शेजारी तक्रार सुरू झाल्याचा महिना. दोन्ही जुळले तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. पर्यायी गोळी बहुतेक वेळा असते. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, रक्तदाबाची आणि हृदयाची तर मुळीच नाही.

आता वस्तूंकडे. लाळेपासून सुरुवात करू, कारण अन्नातला पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय रुचिकलिकेपर्यंत पोहोचतच नाही. कोरड्या जिभेवर ठेवलेला साखरेचा दाणा गोड लागत नाही. काही न खाता स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिली लाळ सुटते, ०.१ च्या खाली गेली की ग्रंथी कमी काम करताहेत असं धरतात. घरी मोजायचं तर जेवणानंतर दोन तासांनी, मान खाली घालून, पाच मिनिटं लाळ लहान मापाच्या पेल्यात ओघळू द्यायची. अर्ध्या मिलीपेक्षा कमी जमली तर तोंड खरोखर कोरडं आहे.

कोरड्या तोंडाच्या स्प्रेमध्ये आणि जेलमध्ये बहुतेक वेळा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा झँथन गम यासारखा चिकट पदार्थ, ग्लिसरीन आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं. स्प्रेचा ओलावा थोडाच वेळ टिकतो, जेलचा त्याहून जास्त. त्यामुळे जेल रात्रीसाठी आणि स्प्रे दिवसासाठी. जेल वाटाण्याएवढं घ्यायचं, स्वच्छ बोटाने जिभेवर, गालांच्या आतून आणि हिरड्यांवर पसरायचं. कवळी असेल तर रात्री ती काढून लावायचं. इथे एक चूक सतत होते: चव यावी म्हणून जेवायच्या तोंडावर जेलचा जाड थर दिला जातो. तो थर जिभेवर बसतो आणि अन्न उलट जास्तच फिकं लागतं. जेवणाआधी स्प्रेचे दोन-तीन फवारे जिभेखाली आणि गालांत मारावे, किंवा नुसतं पाणी घोटभर घोळवावं, आणि जेवतानाही मधूनमधून घोट घ्यावा.

घेताना घटकांची यादी वाचा. स्वतःचे दात असतील तर सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल असलेल्या गोळ्या आणि स्प्रे टाळा. त्यांनी लाळ सुटते खरी, पण सामू (आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) ५.५ च्या खाली गेला की दातांचं कवच विरघळायला लागतं, आणि लाळ कमी असलेल्या तोंडात ते भरून यायला फारसं काही नसतं. तटस्थ सामूचं आणि फ्लोराइड असलेलं उत्पादन उत्तम. तीव्र पुदिन्याच्या स्वादाचं जेल कोरड्या तोंडात झोंबतं, आणि झोंबलं की माणूस ट्यूब बाजूला ठेवून देतो. सौम्य किंवा बिनस्वादाचं घ्यावं. काही उत्पादनांत प्राण्यांपासून काढलेलं म्युसिन (लाळेतला बुळबुळीत पदार्थ) असतं, तेही वेष्टनावर तपासा. झायलिटॉल जास्त पोटात गेलं तर जुलाब होतात, आणि घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलची कुठलीही वस्तू त्याच्या तोंडी लागता कामा नये. त्याला ते विषारी आहे. बिनसाखरेचं च्युइंगगम दहा मिनिटं चघळणं हा लाळ वाढवायचा सर्वांत चांगला उपाय, पण ग्रंथींमध्ये थोडा जीव असेल आणि कवळी घट्ट बसत असेल तरच. ग्लिसरीन-लिंबाच्या बोळ्यांनी आजाऱ्याचं तोंड पुसण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. त्याने तोंड आणखी सुकतं.

तोंड धुण्याची औषधं या संदर्भात फार दुर्लक्षित राहतात. हिरड्यांसाठी दिलेलं क्लोरहेक्सिडिन काही दिवस वापरलं की खारट चव खास करून बोथट होते आणि जिभेवर, दातांवर तपकिरी डाग येतात. ते ठरवून दिलेल्या दिवसांपुरतंच असतं, पण बाटली संपेपर्यंत, मग दुसरी आणून, महिनोन्‌महिने वापरणारे वयस्कर लोक कमी नाहीत. अल्कोहोल असलेले माउथवॉश कोरड्या तोंडाला आणखी सुकवतात. नेहमीच्या टूथपेस्टमधलं फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट थोडा वेळ गोड चव दाबतं आणि आंबट फळं कडवट करतं. म्हणून दात घासल्यावर लगेच न्याहारीला बसू नये, किंवा बिनफेसाची पेस्ट घ्यावी.

जीभ साफ करायच्या पट्टीबद्दल थोडक्यात. जिभेवर पांढरा-पिवळा थर असेल तर ती जरूर घ्यावी, नसेल तर तिने चवीत फरक पडणार नाही. गोल कडेची, हलकी पट्टी चांगली. मागून पुढे तीन-चारदा, हलक्या हाताने. रक्त आलं म्हणजे जोर जास्त झाला. खरवडल्यावर निघणाऱ्या पांढऱ्या डागांखाली लाल, हुळहुळी त्वचा दिसली तर ती बुरशी आहे. कवळी रात्रंदिवस घालणाऱ्यांमध्ये ती टाळूवरही पसरते आणि नुसत्या खरवडण्याने जात नाही. औषध लागतं, आणि कवळी रोज रात्री काढून, ब्रशने घासून, पाण्यात ठेवावी लागते. जीभ गुळगुळीत, लालभडक आणि जळजळणारी असेल तर पट्टी बाजूला ठेवून ब-१२ जीवनसत्त्व आणि लोह तपासून घ्यावं. मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी होतं, आणि भरून काढलं की जीभ सुधारते.

झिंकची गोळी. चवीच्या तक्रारीवर सर्वांत आधी हातात पडते ती हीच, आणि सर्वांत विचार करून घ्यायचीही हीच. शरीरात जस्त खरोखर कमी असेल तर चव उतरते आणि जस्त दिल्यावर सुधारते, यात वाद नाही. महिनोन्‌महिने तुटपुंजं खाणारे, जुनाट जुलाबाचे किंवा आतड्याच्या आजाराचे रुग्ण, यकृताचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे, यांच्यात ही शक्यता धरून चाचणी करावी. रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावं, कारण खाल्ल्यावर आणि दिवसाच्या वेळेनुसार आकडा हलतो. जस्त पुरेसं असलेल्या माणसाने गोळ्या घेऊन चव वाढेल ही आशा बहुतेक फोल ठरते.

वेष्टनावरचा आकडाही फसवतो. तो कधी संयुगाचा असतो, कधी शुद्ध जस्ताचा. झिंक ग्लुकोनेट १०० मिग्रॅ म्हणजे जस्त सुमारे १४ मिग्रॅ. सात रेणू पाणी असलेलं झिंक सल्फेट २२० मिग्रॅ म्हणजे जस्त सुमारे ५० मिग्रॅ. प्रौढ पुरुषाला दिवसाला ११ आणि स्त्रीला ८ मिग्रॅ जस्त पुरतं, आणि स्वतःच्या मनाने घ्यायची वरची मर्यादा ४० मिग्रॅ मानतात. म्हणजे शुद्ध जस्त ‘५०’ मिग्रॅ असलेली गोळी रोज घेणं हे आधीच मर्यादेपलीकडचं आहे. डॉक्टर उपचार म्हणून तेवढी देतात, पण ठरावीक मुदतीसाठी आणि लक्ष ठेवून. जास्त जस्त दीर्घकाळ घेतलं की आतड्यात तांब्याचं शोषण अडतं. मग रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी उतरतात, पाय बधिर पडतात, चाल डगमगते, आणि हे सगळं वयावर ढकललं जातं. कवळी चिकटवायच्या काही मलमांतही जस्त असायचं, आणि सैल कवळीसाठी ते भरमसाट वापरणाऱ्यांना नेमका हाच त्रास झाल्याची नोंद आहे. मलम घेताना ‘झिंक-विरहित’ बघून घ्या, आणि रोज भरपूर मलम लागत असेल तर कवळीच नव्याने बसवून घ्या. गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकांबरोबर घेतली तर त्यांचं शोषण बिघडतं. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. तीन महिन्यांत फरक नसेल तर थांबावं. नाकात लावायचं जस्ताचं जेल किंवा स्प्रे कुणी सुचवला तर मात्र नकोच: वास कायमचा गेल्याच्या तक्रारींनंतर २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा उत्पादनांबाबत लोकांना सावध केलं होतं.

या सगळ्यांत ज्या वस्तूची बाजू आम्ही मनापासून घेऊ ती म्हणजे वास घेण्याच्या सरावाच्या बाटल्या. वासाच्या विकारांचे संशोधक थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत अजून वापरात आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, किमान १२ आठवडे. एक बाटली नाकाखाली धरायची आणि २० ते ३० सेकंद हलके, छोटे श्वास घ्यायचे, जोराने हुंगायचं नाही. त्या वेळात तो वास पूर्वी कसा यायचा ते मनाशी आणायचं. मग अर्धं मिनिट थांबून पुढची बाटली. एक फेरी पाच मिनिटांत होते. सुरुवातीला काहीच येत नाही, काहींना जळका किंवा विचित्र वास येतो. विचित्र वास येणं बऱ्याचदा नसा पुन्हा जुळत असल्याची खूण असते, तेव्हा घाबरून सोडू नये. १२ आठवड्यांनंतर चारही वास बदलून सराव नऊ महिन्यांपर्यंत नेला तर फायदा वाढतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. विषाणूच्या तापानंतर गेलेल्या वासाला याचा गुण जास्त येतो. नुसत्या वयामुळे ओसरलेल्या वासाला कमी, पण येतो. नाकात मांसांकुर वाढलेले असतील किंवा सर्दी कायमची भरलेली असेल, तर आधी त्यावर उपचार हवेत, कारण वास वरपर्यंत पोहोचणारच नाही.

तयार संचांमध्ये उणिवा नेहमी त्याच असतात. तेल इतकं पातळ केलेलं असतं की धडधाकट माणसालाही जेमतेम कळतं. वयस्कर माणसाला तीव्र वास लागतो, सौम्य नाही. झाकणं ढिली असतात, महिन्याभरात वास उडतो आणि चार बाटल्यांचे वास एकमेकांत मिसळतात. नावं बारीक अक्षरांत छापलेली असतात. काही संचांत पेनसारख्या बारीक नळ्या असतात, थरथरत्या हातांना त्या उघडत नाहीत. बाटली तपकिरी काचेची, ५० मिलीच्या आसपासची, रुंद तोंडाची आणि पेचाच्या झाकणाची हवी. असा संच घरी करणं अवघड नाही: तळाशी कापसाचा बोळा ठेवून त्यावर १ मिली शुद्ध सुगंधी तेल टाकायचं, झाकणावर बोटाएवढ्या जाड अक्षरांत नाव लिहायचं, चार रंगांच्या चिकटपट्ट्या लावायच्या आणि दोन-तीन महिन्यांनी कापूस व तेल बदलायचं. बाटलीच्या काचेला नाक लावायचं नाही, कापसाला तर नाहीच; लवंगेचं तेल त्वचेला भाजतं.

निलगिरीच्या बाटलीत एक फसगत दडलेली आहे. तिचा थंड झोंबरा स्पर्श नाकातल्या स्पर्शाच्या नसेला कळतो, वासाच्या नसेला नव्हे. त्यामुळे वास पूर्ण गेलेला माणूसही ‘हो, आला’ म्हणतो. प्रगती बघायची ती गुलाबाच्या बाटलीवर. आठवड्यातून एकदा कुणीतरी झाकणं झाकून, क्रम बदलून बाटल्या द्याव्या आणि बरोबर उत्तरं वहीत लिहावीत. रोजच्या वापरात झालेला बारीक बदल असाच कळतो. दम्याच्या रुग्णांना हे वास त्रास देऊ शकतात. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या आणि लहान मुलांच्या हाती बाटल्या लागू देऊ नका, निलगिरीचं तेल पोटात जाणं धोक्याचं आहे. स्वतःचं घ्राण हरपल्याचं अनेकांना जाणवतही नाही, आणि पार्किन्सन व अल्झायमर या आजारांत ते फार लवकर उतरतं. कंप, हालचाल मंदावणं किंवा विसरभोळेपणा सोबत असेल तर बाटल्यांसोबत मेंदूच्या डॉक्टरांचीही भेट हवी.

मिठाकडे वळू, कारण चव कमी झाली की हात आपोआप तिकडेच जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमहून कमी सोडियम. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. वस्तू चांगलीच आहे, पण ती कुणाच्या ताटात जाते ते पाहून. मूत्रपिंड कमजोर असलेले, स्पायरोनोलॅक्टोन घेणारे, रक्तदाबासाठी ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ने संपणाऱ्या नावाच्या गोळ्या घेणारे, यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते. उतारवयात असे लोक खूप असतात, म्हणून हे मीठ घेण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियमचा अहवाल बघणं बंधनकारकच समजा. ७०:३० मिश्रणाच्या ५ ग्रॅममध्ये सोडियम सुमारे १,३७५ मिग्रॅ आणि पोटॅशियम सुमारे ७८५ मिग्रॅ येतं. साध्या मिठाच्या ५ ग्रॅममध्ये सोडियम जवळजवळ २,००० मिग्रॅ असतं. पोटॅशियम क्लोराइडचं प्रमाण जसं वाढतं तशी मागाहून कडवट, धातूसारखी चव रेंगाळते. २५-३० टक्क्यांपर्यंत ती शिजवलेल्या पदार्थात लपते, निम्म्यावर गेली की वरून भुरभुरलेलं मीठ बऱ्याच जणांना नकोसं होतं. थोडा आंबटपणा ती झाकतो.

मोनोसोडियम ग्लुटामेटबद्दल (‘अजिनोमोटो’ नावाने ओळखतात ती पूड) भीती फार आणि माहिती कमी. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये तिची ‘उमामी’ ही चव वेगळी ओळखली. या पुडीत सोडियम सुमारे १२ टक्के, तर मिठात ३९ टक्के. एक लिटर सुपात ८ ग्रॅम मीठ घालण्याऐवजी ५ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम ग्लुटामेट घातलं, तर सोडियम सुमारे ३,१५० वरून २,३५० मिग्रॅवर येतं, म्हणजे चौथ्या भागाने कमी, आणि सूप अळणी लागत नाही. शिवाय या चवीने लाळ सुटते आणि ती बराच वेळ सुटत राहते, म्हणून कोरड्या तोंडाच्या माणसाला ती दुहेरी उपयोगी. चूक होते ती मीठ तेवढंच ठेवून वरून ग्लुटामेट घालण्यात. प्रमाण पदार्थाच्या वजनाच्या ०.२ ते ०.५ टक्के ठेवा. त्यापुढे चव बेंगरूळ होते. पिकलेले टोमॅटो, वाळवलेले मशरूम आणि मुरलेलं चीज यांतही हे नैसर्गिकरीत्या असतं, पूड नको असेल तर ते वापरा. एकूणच, नाक अधू असलेल्याच्या ताटात कुरकुरीतपणा, तापमानातला फरक, थोडा आंबटपणा आणि तोंड सोलवटलेलं नसेल तर थोडा तिखटपणा, हे सगळं उपयोगी पडतं, कारण या संवेदना नाकावर अवलंबून नाहीत. एकच पदार्थ सलग खाण्यापेक्षा दोन पदार्थ आलटून पालटून खाल्ले की जिभेची सवय मोडते आणि प्रत्येक घास थोडा जास्त लागतो.

विद्युत चमच्याचं नाव बरंच गाजलं. किरिन कंपनीने मेइजी विद्यापीठाचे प्राध्यापक होमेई मियाशिता यांच्यासोबत तो विकसित केला आणि मे २०२४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आणला. मंद प्रवाहाने अन्नातले सोडियमचे आयन जिभेकडे ओढले जातात आणि कमी मिठाचं सूप सुमारे दीडपट खारट लागतं, असा कंपनीचा दावा आहे. चमच्याच्या दांड्यावर हात आणि टोकावर जीभ एकाच वेळी टेकली तरच प्रवाहाचं वर्तुळ पूर्ण होतं, म्हणून तो स्वतःच्या हाताने खाणाऱ्यासाठी आहे. तो मुख्यतः खारटपणा वाढवतो, आणि तोही अन्नात थोडं मीठ असेल तर. वास गेलेल्याला तो काही देत नाही, आणि पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं विद्युत उपकरण असेल तर वापरायचाच नाही. रक्तदाबासाठी मीठ तोडलेल्या, नाक शाबूत असलेल्या माणसाला तो आवडेल, इतरांनी थांबावं.

चव परत आणण्याशी थेट संबंध नसलेल्या दोन वस्तू मात्र वास गेलेल्या प्रत्येक घरात लागतात. पहिली म्हणजे वजनकाटा. दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर वजन नोंदवा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप उतरलं तर चवीच्या वस्तू शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा. साठ किलोच्या माणसासाठी हे आकडे ३ आणि ६ किलो होतात.

दुसरी म्हणजे गॅस आणि धुराचा इशारा देणारी यंत्रं. गळणारा गॅस, करपलेलं भांडं, नासलेलं अन्न हे सगळं आपल्याला नाक सांगत असतं, आणि ज्याला वास येत नाही त्याला कुणीच सांगत नाही. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्याचं यंत्र जमिनीपासून साधारण ३० सेंमीच्या आत लावायचं. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, त्याचं यंत्र छतापासून ३० सेंमीच्या आत. एकाचं यंत्र दुसऱ्याच्या जागी लावलं तर गळती मोठी होईपर्यंत ते गप्प राहतं. शेगडीच्या अगदी वर, खिडकीजवळ किंवा पंख्याखाली लावू नका. धुराचं यंत्र छताला, झोपण्याच्या खोलीबाहेर. स्वयंपाकघरात लावलं तर ते सतत वाजतं आणि मग कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज तपासा, आणि तो घरातल्या वयस्कर माणसाला श्रवणयंत्र काढून झोपल्यावर ऐकू येतो का तेही पाहा. येत नसेल तर उशीखाली थरथरणारं किंवा दिवा लुकलुकवणारं यंत्र घ्या. गॅसच्या यंत्राचा संवेदक साधारण पाच ते सात वर्षांनी आणि धुराचं यंत्र दहा वर्षांनी बदलावं लागतं. बसवल्याची तारीख मार्करने त्याच्याच अंगावर लिहून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्रत्येक डब्यावर शिजवल्याचा दिवस लिहिलेली चिकटपट्टी हवी, आणि तीन-चार दिवस उलटलेला डबा वास न घेताच टाकून द्यायचा.